शेअर विकले आणि २४ टक्के कापून आले! बॅकअप विदहोल्डिंगचा अनुभव कुणाला आहे का?

अबोली_पहाट | ६ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहते, बावीस वर्षं झाली. मुलीच्या कॉलेजची फी भरायची म्हणून ऑगस्टमध्ये माझ्या नावावरचे शेअर विकले. १८,००० डॉलरचे होते. खात्यात जमा झाले १३,६८०. बाकीचे ४,३२० 'बॅकअप विदहोल्डिंग' म्हणून कापले आहेत.

हे शेअर मी १७,१०० ला घेतले होते, म्हणजे नफा जेमतेम ९०० डॉलर. ९०० च्या नफ्यावर ४,३२० कर कुठल्या हिशेबाने? ब्रोकरकडे फोन केला तर म्हणाले, "तुम्हाला मे महिन्यात पत्र पाठवलं होतं." पत्र आलं असेलही, त्यांच्याकडून आठवड्याला दोन जाहिराती येतात, त्यातच टाकलं गेलं असणार. आता ध्यानात येतंय की जुलैत डिव्हिडंडही कमी आला होता, पण रक्कम लहान होती म्हणून मी लक्ष दिलं नाही.

फीची तारीख २२ सप्टेंबर आहे. हे पैसे परत मिळतात का? कधी? आणि मुळात माझ्याच वाट्याला हे का आलं? आम्ही दर वर्षी वेळेवर रिटर्न भरतो, आजवर एक पै बुडवलेली नाही. दोन दिवस झाले, झोप नाही.

घाटावरचा | ६ सप्टेंबर

ताई, आधी शांत व्हा. पैसे बुडालेले नाहीत. मलाही एकदा कापले होते, पुढच्या वर्षी सगळे परत आले.

झुळूक | ६ सप्टेंबर

म्हणजे आपल्याकडे पॅन दिला नाही की बँक २० टक्के टीडीएस कापते तसंच ना? बाबांचं पॅन आधारशी जोडलं नव्हतं, तर ठेवीच्या व्याजातून कापले होते. १५एच भरून दिलेला होता तरीही.

हिशेबनीस | ६ सप्टेंबर

झुळूक, तुलना अगदी बरोबर. भारतात त्यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यात कलम २०६एए होतं, इथल्या करकायद्यात ३४०६ आहे. दोन्हींमागचा विचार एकच: ज्याचं नाव आणि करासाठीचा नंबर (तिकडे पॅन, इथे सोशल सिक्युरिटी नंबर) सरकारला जुळवता येत नाही, त्याचं उत्पन्न रिटर्नमध्ये येईल याची खात्री नाही, म्हणून आधीच थोडं कापून ठेवा.

अबोलीताई, मी इथे करसल्लागाराचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेत पगारावर कर कापला जातो, पण व्याज, डिव्हिडंड, शेअरविक्री, फ्रीलान्सचं मानधन यांवर एरवी काही कापत नाहीत. पैसे देणारा फक्त १०९९ फॉर्मवर आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला, कळवतो की अमुक नावाच्या, अमुक नंबरच्या माणसाला इतके दिले. ही सगळी व्यवस्था त्या नाव-नंबराच्या जोडीवर उभी आहे. जोडी तुटली की २४ टक्के.

जोडी तुटते ती चार प्रकारांनी. तुम्ही नंबर दिलाच नाही. किंवा दिला, पण तो चुकीचा आहे असं आयआरएसने ब्रोकरला कळवलं. किंवा व्याज-डिव्हिडंड तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलं नाही आणि पुन्हा पुन्हा पत्रं येऊनही दाद दिली नाही. किंवा व्याज-डिव्हिडंडच्या खात्यासाठी 'मला हे विदहोल्डिंग लागू नाही' असं डब्ल्यू-९ वर (नाव-नंबर कळवायचा फॉर्म) सहीनिशी लिहून दिलं नाही. 'मे महिन्यात पत्र' म्हणताय, त्यावरून तुमचा दुसरा प्रकार दिसतो. जुळत नसलेल्या नावांची यादी आयआरएस वर्षातून दोनदा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये, पैसे देणाऱ्यांना पाठवतं. यादी मिळाली की ब्रोकरने १५ कामाच्या दिवसांत तुम्हाला पत्र आणि कोरा डब्ल्यू-९ पाठवायचा असतो. ३० कामाच्या दिवसांत सही केलेला फॉर्म परत गेला नाही की कापायला सुरुवात. एप्रिलची यादी, मेचं पत्र, जुलैचा डिव्हिडंड, सगळं जुळतंय.

आणि हो, शेअरविक्रीत हे २४ टक्के नफ्यावर नाहीत, विक्रीच्या पूर्ण रकमेवर असतात. म्हणून आकडा एवढा मोठा दिसतो. तुमचा खरा कर ९०० वर आहे. १५ टक्के धरला तरी १३५ डॉलर. हा जादा कर नाही, दंडही नाही. आगाऊ जमा झालेला तुमचाच पैसा आहे.

आता एकच सांगा. ब्रोकरकडे तुमचं नाव जसं आहे, अगदी तसंच ते सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे का?

अबोली_पहाट | ६ सप्टेंबर

कार्ड काढून बघितलं. त्यावर माहेरचं आडनाव आहे! मी इथे विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हाचं कार्ड. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, ग्रीन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स सगळं सासरच्या नावाने झालं. हे खातं २०२३ मध्ये लायसन्स दाखवून उघडलं. रिटर्नवर मात्र आमचे सीपीए (इथले सीए) माहेरचंच नाव घालतात, म्हणून तिकडे कधी अडलं नाही.

हिशेबनीस | ६ सप्टेंबर

सापडलं. रिटर्न जातं एका नावाने, १०९९ येतो दुसऱ्या नावाने, नंबर एकच. आयआरएस आडनावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि नंबर ताडून बघतं. मधलं नाव वडिलांचं आहे की नवऱ्याचं, त्याने अडत नाही. आडनाव बदललं की मात्र अडतं.

सोनसळी | ६ सप्टेंबर

पहिली चार अक्षरं? म्हणजे देशपांडेंची मुलगी देशमुखांच्या घरी गेली तर आयआरएसला पत्ताच लागणार नाही! दोघांचंही डी-ई-एस-एच 😄

हिशेबनीस | ६ सप्टेंबर

सोनसळी, खरोखर नाही लागणार. चारही अक्षरं तीच.

पारिजात७ | ७ सप्टेंबर

हसू आलं, पण मला यातलं दुसरंही काही बोलायचंय. ही पत्रं बायकांनाच जास्त का येत असतील याचा विचार करा. माझ्या नवऱ्याचं जन्मापासून एकच नाव. माझं शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, डिग्रीवर तिसरं. सासूबाईंनी तर लग्नात माझं पहिलं नावही बदललं होतं, ताटात तांदूळ पसरून त्यावर लिहिलं होतं. प्रेमानेच केलं, माझी तक्रार नाही. पण पुढची तीस वर्षं प्रत्येक खिडकीवर मीच प्रतिज्ञापत्रं दाखवत फिरले. माझ्या मुलीला मी स्पष्ट सांगितलंय, आडनाव बदलायचं तर खुशाल बदल, पण पहिल्याच महिन्यात सगळीकडे बदल.

बोरबन | ७ सप्टेंबर

पारिजातताई, पटलं. आमच्याकडे तांदळात लिहिलेलं नाव तांदळातच राहिलं, कागदावर आलंच नाही. आज वाटतं, किती बरं झालं.

घाटावरचा | ७ सप्टेंबर

धागा नावांकडे वळला, पण मुद्दा महत्त्वाचा आहे, चालू द्या. माझं प्रकरण वेगळं होतं. मुलाच्या नावाने कस्टोडियल खातं उघडताना मी फॉर्मवर नाव माझं आणि नंबर मुलाचा घातला. अल्पवयीन मुलाच्या अशा खात्यात नाव आणि नंबर दोन्ही मुलाचेच हवेत. हे कळायला दोन वर्षं आणि दोन पत्रं लागली. दुसऱ्या पत्राची एक गंमत सांगतो. तीन वर्षांत दुसऱ्यांदा जुळलं नाही तर नुसता डब्ल्यू-९ चालत नाही, सोशल सिक्युरिटीचाच पुरावा मागतात. मी तीन वेळा डब्ल्यू-९ पाठवत बसलो होतो.

जुनाजाणता | ७ सप्टेंबर

मी १९७९ साली इथे आलो, त्यामुळे या नियमाचा जन्म डोळ्यांसमोर झाला. १९८२ च्या कायद्यात सरकारने ठरवलं होतं की सगळ्यांच्याच व्याज आणि डिव्हिडंडवर सरसकट १० टक्के कापायचे, १९८३ च्या जुलैपासून. बँकांनी असा काही विरोध केला की विचारू नका. माझ्या बँकेने स्टेटमेंटबरोबर छापील पोस्टकार्ड पाठवलं होतं, तुमच्या काँग्रेस सदस्याला पाठवा म्हणून. मीही पाठवलं. तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता, तरी पाठवलं. पत्रांचा ढीग पडला आणि लागू होता होता ते कलम रद्द झालं. त्याच्या बदल्यात १९८४ पासून हे बॅकअप विदहोल्डिंग आलं. सगळ्यांचे कापू नका, ज्यांची ओळख पटत नाही त्यांचेच कापा. तेव्हा दर २० टक्के होता, मग ३१ झाला, पुढे बरीच वर्षं २८, आणि २०१८ पासून २४.

म्हणून मला या नियमाचा राग येत नाही. सगळ्यांचे सरसकट कापले जाण्यापेक्षा हे बरं.

मुळामुठा | ७ सप्टेंबर

काका, तुम्हाला राग येत नाही कारण तुमचे कापले नाहीत. माझे कापलेत, आणि मी तर अमेरिकेत राहतही नाही.

पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. कंपनी अमेरिकन, त्यामुळे आरएसयू (पगाराचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर) तिथल्या ब्रोकरकडे जमा होतात. परदेशी माणसाने डब्ल्यू-८बीईएन, म्हणजे 'मी अमेरिकन नाही' असं कळवणारा फॉर्म, भरायचा असतो. मी २०२१ मध्ये भरला आणि विसरलो. तो सही केलेलं वर्ष सोडून पुढच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपतो, म्हणजे माझा २०२४ अखेर संपला. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लॅटच्या हप्त्यासाठी शेअर विकले तर २४ टक्के गेले. फॉर्म चालू असता तर अनिवासी म्हणून त्या विक्रीवर तिथे एक पैसाही कापला गेला नसता. फॉर्म संपल्यावर त्यांनी मला अमेरिकन धरलं. दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म भरला, उत्तर आलं की रक्कम सरकारकडे जमा झाली आहे.

आता परत मिळवायचे तर १०४०-एनआर हे अनिवासींचं रिटर्न भरा. त्याला नंबर हवा. माझ्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, म्हणून त्याच रिटर्नबरोबर डब्ल्यू-७ भरून आयटिन (एसएसएन नसलेल्यांचा कर-नंबर) मागा. त्यासाठी पासपोर्ट पोस्टाने अमेरिकेला पाठवायचा नसेल तर आयआरएसने मान्य केलेल्या एजंटकडून तो तपासून घ्या. एवढं सगळं कशासाठी, तर न लागणारा कर परत मागायला. ज्याची ओळख पटत नाही त्याचे कापा म्हणता, पण माझा पत्ता, माझं पॅन, कंपनीचं नाव, सगळं त्यांच्याकडे होतं.

हिशेबनीस | ७ सप्टेंबर

मुळामुठा, तुमचा त्रास खरा आहे. ब्रोकरच्या बाजूने एवढंच सांगतो की चालू फॉर्म नसताना त्याने कापलं नाही तर ती रक्कम आयआरएस त्याच्याकडून वसूल करतं. त्यामुळे तुम्ही कोण आहात हे ओळखत असला तरी कागदाशिवाय तो थांबू शकत नाही. पैसे मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती मात्र चुकवू नका. आणि भारतातल्या रिटर्नमध्ये या रकमेचं परदेशी कर म्हणून क्रेडिट घेऊ नका, कारण हा तुमच्यावर लागलेला अंतिम कर नाही, परत मिळणारी ठेव आहे.

ज्यांच्याकडे आरएसयू किंवा ईएसपीपी (कंपनीचे शेअर सवलतीत घ्यायची योजना) आहे त्या पुण्या-मुंबईच्या सगळ्यांनी आज लॉगिन करून डब्ल्यू-८बीईएनची तारीख बघा. डिव्हिडंडवर भारताच्या करारातला २५ टक्क्यांचा दरही याच फॉर्मवर मिळतो, नाहीतर ३० टक्के. आणि उलट दिशेने, इथून कायमचे भारतात परतलेल्यांनी अनिवासी झाल्यावर डब्ल्यू-९ च्या जागी हा फॉर्म द्यायला हवा.

मुळामुठा | ७ सप्टेंबर

धन्यवाद. क्रेडिटचं माहीत नव्हतं, माझे सीए तेच करणार होते. उद्याच सांगतो.

खजिनदार_मंडळाचा | ८ सप्टेंबर

आतापर्यंत सगळे पैसे घेणाऱ्याच्या बाजूने बोलले. मी देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा तीन वर्षं खजिनदार आहे. संस्था ना-नफा असली तरी कामाचे पैसे दिले की १०९९-एनईसी द्यावाच लागतो. गणेशोत्सवात साउंडवाल्याला २,८०० डॉलर दिले. डब्ल्यू-९ मागितला, "देतो देतो" म्हणत राहिला. विसर्जन झालं, पैसे देऊन झाले, मग फोन उचलणं बंद. जानेवारीत फॉर्म भरायला बसलो तर नंबरच नाही. नियमाप्रमाणे मी त्याचे ६७२ डॉलर कापून सरकारला भरायला हवे होते. ते कापले नाहीत म्हणून जबाबदारी मंडळावर आली. वर्गणीतले पैसे होते ते. सभेत उभं राहून सांगताना मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून नियम केला: डब्ल्यू-९ हातात आल्याशिवाय चेक लिहायचा नाही. कुणाला राग आला तरी चालेल.

सोनसळी | ८ सप्टेंबर

खजिनदार काका, मग भारतातून गायक येतात त्यांचं काय? त्यांनाही २४?

खजिनदार_मंडळाचा | ८ सप्टेंबर

नाही, ते वेगळं. ते परदेशी, त्यांच्या मानधनावर एरवी ३० टक्के कापावे लागतात आणि १०९९ ऐवजी १०४२-एस फॉर्म द्यावा लागतो. त्याला बॅकअप म्हणत नाहीत. दोन्ही एकदम लागत नाहीत.

हिशेबनीस | ८ सप्टेंबर

बरोबर. थोडी भर घालतो. १०९९ द्यावा लागण्याची ६०० डॉलरची मर्यादा २०२६ पासूनच्या पैशांसाठी २,००० झाली आहे, छोट्या मंडळांना मोठा दिलासा. क्रेडिट कार्डाने दिलेले पैसे मंडळाला १०९९ वर दाखवावे लागत नाहीत, ते कार्डवाले बघतात. आणि साउंडवाला किंवा केटरर एकट्याच्या एलएलसीचा मालक असेल तर डब्ल्यू-९ च्या पहिल्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव हवं, धंद्याचं नाव दुसऱ्या ओळीत. तिथेच निम्मे लोक चुकतात.

रानफूल | ८ सप्टेंबर

कॅलिफोर्नियावाल्यांनो, आपल्याकडे आयआरएससाठी कापले की राज्यासाठी वर ७ टक्के आणखी कापतात. व्याज-डिव्हिडंडवर नाही, पण मानधनावर कापतात. माझ्या फ्रीलान्सच्या बिलातून ३१ टक्के गेले होते. डोळ्यांत पाणी आलं होतं.

कोरडवाहू | ८ सप्टेंबर

एवढ्या भानगडी कशाला? खातं बंद करा, दुसरीकडे उघडा. प्रश्न मिटला.

घाटावरचा | ८ सप्टेंबर

कोरडवाहू, नाही मिटत. नवीन ठिकाणीही तेच नाव, तोच नंबर, पुढच्या वर्षी तेच पत्र. मुळात नाव दुरुस्त करायला हवं.

झुळूक | ९ सप्टेंबर

एक काळजी वाटते. आईला मागे ईमेल आला होता, 'तुमचा डब्ल्यू-८बीईएन संपला, पासपोर्ट आणि बँकेचे तपशील पाठवा.' आम्ही नाही पाठवले. खरा कोणता हे कसं ओळखायचं?

हिशेबनीस | ९ सप्टेंबर

नाही पाठवलेत हे फार चांगलं केलंत. या फॉर्मच्या नावाने फसवणूक होते, आयआरएसनेही त्याबद्दल सावध केलं आहे. नाव-नंबर जुळत नसल्याचं खरं पत्र ब्रोकर किंवा बँक पाठवते. आयआरएस थेट तुम्हाला लिहितं ते व्याज-डिव्हिडंड न दाखवल्याच्या प्रकारात, आणि तेही एकदम कापायला सांगत नाही, किमान १२० दिवसांत चार पत्रं येतात. कुठल्याही लिंकवर जाऊ नका. स्वतः लॉगिन करा आणि तिथे काही मागितलंय का बघा.

अबोली_पहाट | ९ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. पण फी २२ तारखेला आहे. ४,३२० आत्ता परत मिळायचा काही मार्ग? ब्रोकर म्हणतो नाही.

हिशेबनीस | ९ सप्टेंबर

ब्रोकर बरोबर आहे. त्याने चुकून कापले असते तर त्याला परत देता आले असते. नंबर न जुळल्यामुळे नियमाप्रमाणे कापलेली रक्कम रिटर्नमधूनच मिळते. पण एप्रिलपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. तुम्ही आणि यजमान एकत्र रिटर्न भरता ना? मग तुमचे कापलेले ४,३२० त्यांच्याही कराला चालतात. यजमानांना उद्याच ऑफिसात नवीन डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) द्यायला सांगा, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर त्यांच्या पगारातून तेवढा कमी कर कापला जाईल. पैसे पगारातून घरी येतील. असा कापलेला कर वर्षभर सारखा भरला असं धरतात, त्यामुळे आगाऊ कराचा दंडही लागत नाही. आधी सीपीएकडून आकडा काढून घ्या, नाहीतर जास्त कमी कराल आणि एप्रिलमध्ये उलटं भरावं लागेल.

कॉलेजकडे हप्त्यांची सोय असते का तेही विचारा. आणि डब्ल्यू-९ आजच्या आज. कार्डावरचं नाव बदलेपर्यंत थांबू नका. त्या फॉर्मवर पहिलं नाव, मग कार्डावरचं जुनं आडनाव, मग नवीन आडनाव, असं लिहायची सोय आहे. तो मिळाला की ३० दिवसांच्या आत त्यांना कापणं थांबवावं लागतं. सोशल सिक्युरिटी ऑफिसात मात्र लग्नाचा मूळ दाखला घेऊन जाच. कार्डावरचं नाव बदलायला एसएस-५ फॉर्म भरायचा, फी काही नाही.

पारिजात७ | ९ सप्टेंबर

अबोली, दाखला मराठीत असेल तर भाषांतर आधीच करून ने. मला एक फेरी जास्त पडली होती.

अबोली_पहाट | १९ सप्टेंबर

कळवते. कॉलेजने चार हप्ते करून दिले, पहिला भरला. ह्यांनी डब्ल्यू-४ बदलला. सोशल सिक्युरिटीला गेले, काउंटरवरच्या बाईंनी दाखला बघून विचारलं, "चोवीस वर्षांत आधी का नाही आलात?" काय सांगणार. कार्ड टपालाने येईल म्हणाल्या. पण बाहेर आल्यावर गाडीत बसून थोडा वेळ रडले. पैशांसाठी नाही. ते माहेरचं नाव माझ्या बाबांनी पहिल्या दिवशी माझ्याबरोबर विद्यापीठाच्या फॉर्मवर स्वतः लिहिलं होतं.

जुनाजाणता | १९ सप्टेंबर

मुली, जुनं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं नसेल तर जपून ठेव.

अबोली_पहाट | २८ मार्च

धागा वर काढतेय, कारण सप्टेंबरात मला जशी माहिती हवी होती तशी कुणाला तरी हवी असेल.

फेब्रुवारीत १०९९ आले. चौथ्या चौकटीत कापलेली रक्कम होती: शेअरविक्रीची ४,३२० आणि डिव्हिडंडची वेगळी २६. ती २६ मी विसरलेच होते, सीपीएंनी दाखवली. १०४० च्या, म्हणजे रिटर्नच्या फॉर्मच्या, २५बी ओळीत दोन्ही गेली. रिटर्नवर पहिल्यांदाच सासरचं आडनाव घातलं आणि ई-फाइल पहिल्याच फेरीत मान्य झालं. डब्ल्यू-४ मुळे बरेचसे आधीच पगारातून आले होते, उरलेले १,१४० परवा खात्यात जमा झाले. मुलीची वसंत सत्राची फी भरून झाली.

जुनं कार्ड त्यांनी परत दिलं होतं. बाबांच्या फोटोमागे ठेवलंय.

मुळामुठा | २९ मार्च

अभिनंदन ताई! माझा आयटिनचा अर्ज गेलाय, वाट बघतोय. डब्ल्यू-८बीईएन संपायची तारीख या वेळी फोनमध्ये घालून ठेवली आहे, तीन महिने आधीची.

रानफूल | २९ मार्च

अबोली, हे वाचून सासूबाईंचं बँकेचं खातं बघितलं. पहिलं नाव आडनावाच्या जागी आणि आडनाव पहिल्या जागी आहे. व्याज थोडंच आहे, पण कापायला सुरुवात होईल का? सोमवारी बँकेत नेते त्यांना. हिशेबनीस, काय काय कागद नेऊ?